तांदळाला बंदी, मामाला नाही

मु. पो. सौंदड
होळीनंतरचा बुधवार

तीर्थस्वरूप भाटवे शालीकरामजी यांना त्यांच्या एकुलत्या साळ्याचा, सुकरामचा, वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? सुशिलाबाईची साखर उतरली का? (माझी मोठी बहीण म्हणून विचारतो. तुमची बायको म्हणून ती कशी आहे ते तुम्ही कधी सांगणार नाही आणि तीही सांगणार नाही.) आमगावला उन्हं तापली असतील. इकडे आम्ही मजेत आहो.

पत्र काऊन, फोन काऊन नाही, असं तुम्ही म्हणून राहिले असाल. फोनवर मी दोन वाक्यं बोललो की तुम्ही 'हो हो, घे, बाईशी बोल' म्हणून फोन बहिणीच्या हातात देता. पत्राला ती सोय नाही. (शुद्ध लिहून राहिलो. मधेच झाडी बोलीत घसरलो तर सांभाळून घ्या.)

पहिली खबर ही की मी आणि कुंदा अमेरिकेहून सुखरूप आलो आणि मला कोणी अर्ध्यातून परत पाठवलं नाही. जायच्या आधी तुम्ही बाजारात चार माणसांत सांगितलं होतं ना, 'एचआयव्हीवाल्याले अमेरिका उतरू देत नाही, आमचा साळा विमानतळाहूनच वापस येते.' तुमचं म्हणणं खोटं नव्हतं भाटवे, शिळं होतं. तसा कायदा होता, पण त्यांनी तो २०१० सालीच काढून टाकला. बंदीची खबर आमगावला पोचली, बंदी उठल्याची वाटेत कुठंतरी उतरली. (काही देशांत असे कायदे अजून आहेत म्हणतात. तिथं ज्याचा मुलगा असेल त्या बापाचं काय होत असेल, ते मला विचारा.) आणि खरं सांगू, राग आला होता. प्रेरणाच्या लग्नातही तुम्ही असंच केलं. सख्खा मामा मी, पण भाचीला मांडवात आणायचा मान दिला तुमच्या चुलत साळ्याला, इंद्रकुमारला, आणि मला वावरात गाड्या लावायला उभं केलं. गाड्या मी छान लावल्या, एकही अडकली नाही, पण अक्षता पडल्या तेव्हा मी एका ट्रॅक्टरवाल्याशी भांडत होतो.

असो. तर तुमचं ते बोलणं माझ्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. मुलगा हिमांशू तिकडून फोनवर सांगून थकला की बाबा, असं काही कोणी विचारत नाही, गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी जवळ ठेवा आणि गप या. पण नातवाचं उष्टावण आठ हजार मैलांवर, आणि मी दारातूनच परत फिरलो तर? जीव टांगणीला लागला होता. म्हणून शेजारच्या मास्तरांकडून मी एक इंग्रजी भाषण पाठ करून घेतलं. गोंदियाच्या दवाखान्यातून गोळ्या मिळतात, एकही चुकवत नाही, रक्तात आता विषाणू सापडत नाही, बायको धडधाकट आहे, मी कोणाचं काही बिघडवत नाही, असं सगळं त्यात होतं. विमानात मी ते इतक्यांदा म्हटलं की शेजारचा सरदारजी हात जोडून बसला. त्याला वाटलं, मी देवाचा पाठ म्हणून राहिलो.

तिथं पासपोर्टवाल्या बाईनं विचारलं, कायले आले? नातू, म्हटलं. तिनं ठप्पा मारला. माझं भाषण तोंडातच राहिलं. मला वाटलं, ही साधी बाई दिसते, खरा माणूस पुढं असेल. पुढं सामान तपासणारा एक धिप्पाड साहेब होता. त्यानं विचारलं, काही सांगण्यासारखं आहे का? झालं! मी सरळ उभा राहिलो आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत भाषण म्हणून टाकलं. कुंदा मागून चिमटे घेत होती. साहेबानं शांतपणे ऐकलं, 'ओके सर' म्हटलं आणि विचारलं, खायचं काही आणलं का?

आता तुम्हीच सांगा, धान पिकवणारा माणूस नातवाच्या पहिल्या घासाला विकतचा तांदूळ नेईल का? आपल्या बांधीतला वासाचा चिन्नोर तांदूळ, कुंदानं सुपात निवडून, पांढऱ्या फडक्यात बांधून घेतला होता. तिनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, राइस! आणि भाटवे, एचआयव्ही ऐकून ज्याची पापणी हलली नाही तो साहेब तांदूळ ऐकून ताठ झाला. हातमोजे चढवले. मी म्हटलं, आले, हे माझ्यासाठी. पण ते तांदळासाठी होते! आपल्याकडच्या तांदळातून म्हणे एक किडा येतो, तो तिकडच्या कोठारांची वाट लावतो. अंगात विषाणू असलेला सुकराम चालला, न दिसलेल्या किड्याचा चिन्नोर चालला नाही. कुंदा तर भांडायलाच उठली, तांदळानं तुमचं काय घोडं मारलं म्हणून. साहेबानं गाठोडं बाजूला ठेवलं, हातमोजे काढून फेकले आणि उघड्या हातानं माझा हात धरून नातवाबद्दल अभिनंदन केलं. मी तिथंच रडलो. कुंदा त्याला सांगत होती, तांदळासाठी रडून राहिले.

उष्टावण दुकानातल्या तांदळावर झालं. (गिचका भात, वास नाही, चव नाही. पण पोरगं मिटक्या मारत होतं, म्हणजे तोंड आपलं आहे.) पहिला घास मामानं भरवायचा, पण सुनेचा, अंजूचा, भाऊ नागपूरला. मी मागं भिंतीला टेकून उभा होतो, सवयच ती. तर सुनेनं पोराला उचललं, माझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, 'बाबा, तुमीच भरवा.' माझी बोटं त्याच्या तोंडात गेली. त्यानं एक चावलं, दात नसताना. मामाचा मान मला सातासमुद्रापार मिळाला.

बाकी सगळं क्षेम. बहिणीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
सुकराम

ता. क. तुमच्यासाठी गुडघ्याचा पट्टा आणला आहे. तिकडच्या दुकानातला आहे, माझ्या अंगाला लागलेला नाही, तरी धुऊन घ्यायचा तर घ्या.

ता. क. दुसरा. वैशाखात धाकट्या पुष्पांजलीला उजवून राहिले तुम्ही. तिला मांडवात मी आणीन म्हणतो. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. मला राग नाही, फक्त हो म्हणा.

ता. क. तिसरा. हे तुम्हाला सांगू नका म्हणाली होती, पण तुमच्या इज्जतीसाठी सांगतो. काल पोरीचाच फोन आला होता. 'मामा, तुमी हात धरल्याबगर मी खोलीतून निघतच नाही, मग बाबा बसतीन वरात सांभाळत.' तेव्हा भाटवे, ती बोलायच्या आत तुम्हीच मला बोलवा. लोक म्हणतील, शालीकरामजीचं मन मोठं आहे. मी पण तसंच म्हणीन.