ॲलर्जीचं रिकामं टेम्प्लेट

मंगळवार, संध्याकाळ

हॉस्पिटलचं नवं डिस्चार्ज कार्ड उद्या सुरू व्हायचं होतं. रुग्णाची माहिती कार्डावर कशी छापायची ते ठरवणारी स्टाइलशीट मी आणि फरहान मिळून लिहितो. आज सहज कोड लिहायच्या एडिटरमध्ये ‘ॲलर्जी’ शोधलं, तर ती ओळ छापायच्या सूचनांची एकाऐवजी दोन टेम्प्लेट्स. एक मी लिहिलेलं. दुसरं एडिटरच्या तयार साच्यातून टाकलेलं, आत रिकामं. एकाच गोष्टीची दोन असली की फाइलमध्ये खाली असलेलं चालतं. म्हणजे रिकामं. म्हणजे कार्डावर ॲलर्जीची ओळच नाही. चाचणीत कळणार कसं? चाचणीतल्या रुग्णाला ॲलर्जीच नव्हती.

फरहानचा चेहरा उतरला. "मीच टाकलं होतं. नंतर भरू म्हणून राहिलं."

आमच्या मॅनेजरना सांगितलं, उद्याचं थांबवा.

"अहो, एका ओळीसाठी?"

"ज्याला पेनिसिलिन चालत नाही, त्याची ओळ आहे सर."

त्यांनी विचारलं, "कोणाचा पराक्रम हा?"

"फाइल आमच्या दोघांची आहे."

त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला, उद्याचं रद्द केलं. रिकामं टेम्प्लेट मी लगेच काढलं, ओळ आली. पण अशी रिकामी आणखी किती असतील? हेच डोक्यात घोळतंय.

हिंजवडीहून निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये फरहान शेजारी बसला. म्हणाला, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"उद्या सगळी टेम्प्लेट्स एकेक उघडून बघायची आहेत," मी म्हटलं. "नाव घेतलं आणि तू रुसून बसलास, तर मला एकटीला बसावं लागेल."