बर्फातली खुर्ची, माळ्यावरची कुऱ्हाड

१२ जानेवारी, शनिवार

काल मागच्या जिन्यावर पडले. शेवटच्या तीन पायऱ्यांवर नुसती काच झाली होती. हाडं शाबूत आहेत. पण अकरा मिनिटं तिथंच पडून होते — मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर होतं म्हणून कळलं. दोनदा हाक मारली. कुणी आलं नाही.

शिकागोत चौतीस वर्षं झाली. माझा नवरा क्लीव्हन वारला त्याला सहा. त्यातल्या एकाही रात्री मी घाबरून झोपले नव्हते. काल दिवा चालू ठेवून झोपले.

भावाला फोनवर सांगितलं आणि पस्तावले. रॉस्को म्हणजे बोलायला निमित्तच हवं. "तिथं गोठून मरशील आणि कळेल थेट एप्रिलमध्ये. ह्यूस्टनला ये. अर्लीनची खोली रिकामीच आहे." अर्लीनवहिनी गेल्यापासून हे पाचव्यांदा म्हणाला.

घरमालकाला एक तारखेच्या आत सांगायचंय, आणखी वर्षभर राहते की जाते ते.

१३ जानेवारी

पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे शिकागो, उजवीकडे ह्यूस्टन.

शिकागो — बस, ट्रेन, पुढे गाडी चालवणं सुटलं तरी अडत नाही. सरोवर. चर्चमधलं माझं गाणं. वृद्धाश्रमातलं स्वयंपाकघर, जिथं माझ्या ग्रेव्हीला अजून कुणी नाव ठेवलेलं नाही. उलट बाजूनं: थंडी. जिना. त्या अकरा मिनिटांत कुणी न येणं.

ह्यूस्टन — भाऊ. जानेवारीतही अंगणात बसता येतं. दवाखान्यांचं तर गावच वसलंय तिथं. पण गाडी नसली की पाव आणायलाही पायी जाता येत नाही, आणि उन्हाळा भट्टीचा. शिवाय पाणी.

दीड वर्षापूर्वी वादळात घरात पाणी शिरलं तेव्हा भाऊ आणि वहिनी माळ्यावर चढले होते. भावानं आतून कुऱ्हाडीनं छप्पर फोडलं, म्हणून वाचले. तिकडे घरोघरी माळ्यावर कुऱ्हाड असते. ही गोष्टही तो फुशारकीनं सांगतो! "खिळ्याला टांगलीय, धार लावलीय. भीती कसली?"

मिसिसिपीत लहानपणी लाकडं आम्ही दोघं फोडायचो. बाबा म्हणायचे, रॉस्कोचा आवाज मोठा, पण घाव व्हर्निटाचा.

इकडे आड तिकडे विहीर. रेघ पुसावीशी वाटतेय.

१९ जानेवारी

चौदा इंच बर्फ. कामावरून आले तर गाडी लावायला जागा नाही. चार गल्ल्या फिरले. दिवसभर उभं राहून पायांत गोळे आले होते. आणि बरोबर माझ्या दारासमोर एक जागा, काळ्या डांबरापर्यंत साफ केलेली. मध्ये खुर्ची. निळी, स्वयंपाकघरातली, बसायच्या जागी चिकटपट्टी लावलेली. पाठीवर वीतभर बर्फ साचलेला.

ज्यानं उपसलं, ज्यानं खुर्ची ठेवली, त्याची जागा. इथं लेकरालाही हे कळतं. चौतीस वर्षांत मी कुणाच्या खुर्चीला हात लावला नव्हता.

आज लावला. उचलून कडेच्या ढिगात ठेवली आणि गाडी लावली.

क्लीव्हन असता तर बोललाच नसता माझ्याशी. मागे एकानं असंच केलं होतं. सकाळी त्याच्या गाडीवर पाणी ओतलेलं, काचेपासून चाकापर्यंत गोठून दगड. दुसऱ्या एकाचे चारही टायर फाडलेले.

२० जानेवारी

गाडी शाबूत आहे. खुर्ची नाहीशी झालीय.

२१ जानेवारी

सकाळी फावडं खरवडल्याचा आवाज आला. पडद्याच्या फटीतून पाहिलं. शेजारचे ओकाम्पो माझ्या गाडीपाशी उभे. नळकाम करणारा दांडगा माणूस. आठ वर्षांत आमचं "नमस्कार, थंडी आहे" याच्यापलीकडे बोलणं नाही. म्हणजे खुर्ची त्यांची! त्यांनी मान वर करून सरळ माझ्या खिडकीकडे पाहिलं, हातही वर केला. मी भिंतीला चिकटले.

बसनं कामाला गेले.

२३ जानेवारी

आजही बस. गाडीजवळ जायची हिंमत नाही. दाराला आतून स्टूल लावते.

भावाला सांगितलं. पोट धरून हसला. "आमच्याकडे खुर्ची बसायला असते गं बाई!"

"आणि कुऱ्हाड?"

हसणं थांबलं. मग म्हणाला, "ते सोड. तू ये."

ठरलं. जाते. ज्या गल्लीत पडलं तर कुणी येत नाही आणि चुकलं तर फावडं घेऊन येतात, तिथं कशाला राहायचं?

२६ जानेवारी

दुपारी दार वाजलं. ओकाम्पो. हातात फावडं. मी साखळी काढली नाही.

"बाई, बरं नाही का? गाडी आठवडाभर हलली नाही. बायको रोज विचारते."

म्हटलं, सांगून मोकळं व्हावं. "तुमची खुर्ची मी हलवली. चुकलं माझं."

"मग हलवणारच ना! तुमच्यासाठीच ठेवली होती. गाडी लागलेली दिसली, तशी परत नेली."

काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं — त्यांच्या बायकोनं मला जिन्यावर पडलेलं खिडकीतून पाहिलं होतं. बूट घालून, गल्लीला वळसा घालून ती येईपर्यंत मी उठून आत गेले होते. "तेव्हापासून पायऱ्यांवर बर्फ वितळायला मीठ टाकतोय आम्ही. दिसलं नाही? आणि खुर्चीच्या पाठीला चिठ्ठी होती, तुमचं नाव लिहून."

बर्फाखाली. मी झटकलंही नव्हतं.

साखळी काढली. रडले त्यांच्यासमोर, लाज नाही वाटली. ते बिचारे फावड्याकडे बघत उभे.

रेघेच्या डावीकडचं "कुणी न येणं" खोडलं. राहते. संध्याकाळी घरमालकाला सांगून टाकलं.

२८ जानेवारी

भावाला सांगितलं. वाटलं, ओरडेल. "बरं," एवढंच म्हणाला. मग हळूच विचारलं,

"व्हर्निटा, तुला अजून कुऱ्हाड चालवता येते का गं?"

"का?"

नोव्हेंबरपासून त्याच्या उजव्या हाताची मूठ वळत नाही. माळ्याच्या शिडीच्या दोन पायऱ्यांवर गुडघा दगा देतो. एकदा चढायला गेला, तर खालीच बसून राहिला सकाळपर्यंत. "जूनपासून वादळांचे, पाण्याचे दिवस," म्हणाला. "मला भीती वाटते, पोरी."

आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून हा शब्द ऐकला. आणि मी मूर्ख, इतके दिवस समजत होते की तो मला वाचवायला बोलावतोय.

२९ जानेवारी

एक तारखेला अजून तीन दिवस आहेत; घरमालकाला दिलेला शब्द फिरवता येईल. कामावरून येताना हार्डवेअरच्या दुकानात थांबले. कुऱ्हाड उचलून पाहिली, खांद्यापर्यंत. उचलली जाते.