कुतुबखाना तसाच राहिला

४ नोव्हें.
मीटिंग. हेडसाहेबांचं एकच पालुपद. विद्यापीठातल्या आपल्या स्कूलच्या नावातून ‘ग्रंथालय’ काढा, नुसतं ‘माहितीशास्त्र’ ठेवा. म्हणाले, "लायब्ररी म्हटलं का पोरं पळतेत, मॅडम. पुस्तकं झटकाची नोकरी वाटते त्यायले." खोटं नाही, यंदा वर्ग अर्धा रिकामा. पण एवढी घाई कशाला? मतं पुढच्या मीटिंगला. विमल गप्प. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसते, गप्प बसणारी बाई नाही ती.

७ नोव्हें.
शिपाई काशीराम सांगत आला, काल वाचनाच्या हॉलची कोणी तरी टेप लावून मापं घेऊन गेलं.
"कोन व्हते?"
"मले का मालूम. हेडसाहेब संगं व्हते."
म्हणजे असं आहे तर. नावात ग्रंथालय आहे तोवर हॉल पुस्तकांचा. ते गेलं की द्या कुणालाही, कोचिंगवाल्याला द्या. इंद्रवेल्लीकडच्या पोरी बसची वेळ होईस्तोवर तिथंच वाचत बसतात. घरी कुठली आलीय त्यांना खोली? फार राग आला. चहा तसाच राहिला.

८ नोव्हें.
विमलला नावाबद्दल विचारलं. "तू लय संशयी झाली. हॉल कोनी घेऊन नाई राह्यलं." आणि डब्यातली भाकर पुढे केली. खाल्लीही मी. पण हॉलचं मी काढलंच नव्हतं. हिला कसं...

१२ नोव्हें.
दोन दिवस सुटी होती. आज बघते तर दारावरची पाटी रंगवलेली. मतं व्हायची आहेत अजून! आमच्याकडे सरकारी पाट्या तेलुगू-उर्दूत. वरची ओळ तेलुगू, तिच्यातला पहिला शब्द ‘ग्रंथालय’ पांढऱ्या रंगाखाली गेला. खालची उर्दू. पेंटरनं तिथंही डावीकडचाच शब्द पुसला. उर्दू वाचायची उजवीकडून! गेलं ते ‘इत्तलाआत’, म्हणजे माहिती. ‘कुतुबखाना’, म्हणजे ग्रंथालय, जागेवर ठणठणीत.
हसू आवरेना. बाबा तहसिलीत होते, त्यांनी शिकवलं म्हणून मला वाचता येतं. इथं बाकी कुणाला येत नाही. बोलले नाही कुणाला.

१४ नोव्हें.
हेडसाहेबांनी पाटीखाली गाठलं. "बराबर हाय ना, मॅडम? तुमाले उर्दू येते म्हणे." म्हटलं, एकदम बराबर हाय. पण त्यांना हे सांगितलं कुणी? विमलशिवाय कुणाला माहीत आहे?
काशीरामला विचारलं, पेंटर कुणी आणला.
"विमलमॅडमनं. सोता उभ्या राहून दाखवलं त्याले, हा पुस, हा पुस."
म्हणजे हीच फितूर. दिवसभर बोलले नाही तिच्याशी.
आता लिहिताना आठवतंय. विमलचं माहेर भैंशाचं. तिचे वडील जिनिंगमध्ये मुनीम होते, जुन्या काळचे. घरी उर्दू पेपर यायचा म्हणाली होती कधी तरी. कोण वाचायचं, ते मी विचारलं नव्हतं. तिलाही वाचता येत असेल, तर तिचं ‘हा पुस’ चुकून नव्हतं.
उद्या मतं. तिच्या शेजारीच बसेन. हात ‘काढा’ला वर करते की ‘ठेवा’ला, ते बघायचंय.