पूनमसिंगभाऊच्या डोळ्याचं खरं

आर्णी,
लक्ष्मीपूजन, दुपार

प्रिय समीक्षा,

मोबाइल असतानी हा कागदावर कायले लिहून राह्यला म्हणून हासशील. पण फोनवर सांगाले गेलो असतो तर तू मधातच काही विचारलं असतं, आन मी पुन्हा खोटं बोललो असतो. मागच्या रविवारी यवतमाळले तुझ्या दवाखान्याच्या पायरीवर तू मले एकच गोष्ट विचारली. पूनमसिंगभाऊच्या डोळ्याची पट्टी तूच सोडते, जखम तूच धुते, म्हणून तू म्हणाली, "बुक्कीनं डोळा असा जात नाही ऋतिक. काहीतरी धातूचं लागलं आहे. काय लागलं?" मी सांग्तलं, त्या गोऱ्यानं कुलूप मारलं. तू माझ्याकडे पाह्यलं आन आत निघून गेली. कुलूप खरं होतं. बाकीचं या पत्रात हाय. हे वाचून आपलं साक्षगंध मोडाचं असंन तर मोड, आबाले मी समजावीन. पण अर्ध्यात ठेवू नको.

तुले माहीतच हाय, आमच्या जिनिंगच्या शेठनं रुईच्या गाठी बांधाची नवी मशीन घेतली आन ती शिकाले आम्हा दोघांले मिलानले पाठवलं. पोळा झाला आन निघालो. खरं तं एकट्या पूनमसिंगभाऊनं जाले पायजे होतं. बावीस वर्षांपासून तो जिनिंगमध्ये फिटर. रोलर आन पात्यातलं अंतर आम्ही पट्टी घालून मोजतो, तो डावा डोळा मिटून पाहे आन पाना फिरवे, बस. मले आयटीआयनं सर्टिफिकेट देलं, काम भाऊनं शिकवलं. इंग्रजी येते म्हणून मले संग जोडलं होतं, एवढंच.

शेठनं हॉटेल नाही, हॉस्टेल बुक केलं. फोटो पाह्यले तवा मीच खुश झालो होतो. खिडकीत फुलं, गिटार वाजवणारी पोरं, नाश्ता मोफत. आबानं तर ते फोटो अख्ख्या गावाले दाखवले, जसं काही पोरगा राजवाड्यातच चालला. गेलो तर एका खोलीत बारा जण, लोखंडी पलंग एकावर एक, खिडकी खिळे ठोकून बंद. गरमी अशी का आर्णी बरी, आन पंखा नाही. चादर भाड्यानं, टॉवेल भाड्यानं, कपाटाचं कुलूपसुद्धा भाड्यानं. बरं झालं भाऊच्या बायकोनं, लालीबाईनं, संग घरचं पितळी कुलूप देलं होतं, म्हणून आमचे पासपोर्ट तरी राह्यले. गादीत ढेकणं. नळ दाबला की दहा मोजेपर्यंत पाणी, मंग पुन्हा दाबा. तोंडाले साबण आन एक हात नळावर. मोफत नाश्ता म्हणजे दोन वाळके टोस. लालीबाईनं बांधून देलेली लसणाची चटणी फ्रिजमध्ये ठेवली तर कोणंतरी डबा पुसून खाल्ला आन रिकामा परत ठेवला. मी तणतणत काउंटरवर गेलो. तिथल्या पोरीनं कानातला इअरफोन न काढता भिंतीवरच्या नियमांकडं बोट दाखवलं. भाऊ हासत होता. म्हणे, ज्यानं खाल्ली त्याले उद्या सकाळी आपोआप समजन.

दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या नंबरावरून दोन पोरांची जुंपली. एकानं दुसऱ्याचं डोकं धरून बेसिनवर आपटलं. ते रक्त तिथं दोन दिवस वाळत होतं, कोणी पुसलं नाही, आन आम्ही त्याच्याच बाजूले तोंड धुतलं. तवाच शेठले फोन लावून सांगाले पायजे होतं का आम्हाले इथून काढा. पण भाऊ म्हणे, आठ दिवसांचा प्रश्न हाय, कायले बोंबलाचं.

माझ्या खालच्या पलंगावर एक माणूस होता. त्याचं नाव तोमाश हे मले पुढं पोलिसाच्या कागदावर समजलं. रेड्यासारखी मान. मी कूस बदलली का खालून लात हाणे, फळीसकट माझी पाठ उडे. एकदा त्यानं भाऊची पिशवी उचलून जिन्यात फेकली, आपले कपडे ठेवाले जागा पायजे म्हणून. मंग एक दिवस भाऊच्या बुटात बिअर ओतली आन भाऊ बूट घालेपर्यंत हासू दाबून बसला. ते मले सहन नाही झालं. मी उठलो तर भाऊनं मनगट धरलं, सोडलंच नाही. मी गिळलं. पण माझा राग तुले माहीत नाही समीक्षा. तुझ्यासमोर मी कधी दाखवला नाही. तो पोटात ठेवला का तिथंच वाढते.

शनिवारी सकाळी साडेसातले मी शिडीवरून खाली उतरत होतो. माझा पाय त्या माणसाच्या डोक्याले लागला. नुसतं बोट, हलकंसं. पण डोक्याले. आता तूच सांग, कोणाले पाय लागला तर आपण विचार करतो का? हात आपोआप जाते. त्याच्या अंगाले लावाचा, आपल्या कपाळाले लावाचा. माणूस चांगला का वाईट, हे हात विचारत नाही. मी वाकलो आन त्याच्या छातीले हात लावला. नेमकं तिथंच त्याचं गळ्यात अडकवलेलं पाकीट होतं. त्यानं डोळे उघडले तर माझा हात त्याच्या पाकिटावर.

पहिली बुक्की नाकावर बसली. हाड मोडलेलं मले आयकू आलं. मी हात जोडून सांगून राह्यलो होतो, पाय लागला, पाय लागला, तेही मराठीत. त्यानं केसाले धरून माझं डोकं लोखंडी कपाटावर आपटलं. तीनदा. मंग गुडघा पोटात. रक्त घशात चाललं होतं आन श्वास घेता येत नव्हता. खोलीतले बाकीचे दरवाजातून पळाले. भाऊ न्हाणीत होता. इथपर्यंत सगळं मी तुले सांग्तलं तसंच हाय. पुढचं नाही.

मी पडलो तिथं आमच्या कपाटाचं कुलूप उघडं पडलं होतं. ते मी उचललं. गळ्यातल्या दुपट्ट्याच्या टोकाले बांधलं, गाठ मारली. एवढा वेळ त्यानं मले देला, कारण त्याच्या मनानं त्याचं मारणं संपलं होतं, तो पाठ फिरवून पाकीट चाचपून राह्यला होता. डुकरं हाकलाले वावरात गोफण फिरवतो तसा मी दुपट्टा फिरवला. तो वळला आन कुलूप जबड्यावर बसलं. दोन दात फरशीवर पडले. तो गुडघ्यावर आला. दुसरा फटका खांद्यावर, तिसरा कोपरावर. मंग त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले आन कण्हून काहीतरी म्हणाला. भाषा समजाची गरज नव्हती. तो सोड म्हणत होता. मले ते समजलं, आन तरीबी मी मारत होतो. मले बरं वाटून राह्यलं होतं. त्याचं भेव पाहून मले गोड लागून राह्यलं होतं. हे लिहितानी लाज वाटते, पण त्या टायमाले वाटली नाही.

भाऊ ओल्या अंगानं धावत आला. मागून माझ्या कमरेले मिठी मारली. "बस कर बावा, मरन तो," म्हणाला. आवाज मी ओळखला. मागं कोण हाय हे मले माहीत होतं. तरी मी त्याले झटकलं आन मोठा फटका हाणाले दुपट्टा मागं नेला. कुलूप भाऊच्या उजव्या डोळ्यात बसलं. भाऊ ओरडलासुद्धा नाही, खाली बसला. आन मी, समीक्षा, लगेच वळलो नाही. पहिले तो फटका त्या माणसाले हाणला, मंग वळून पाह्यलं.

भाऊच्या बोटांतून रक्त आन पाणी येत होतं. त्यानं दुसऱ्या हातानं माझ्याकडून कुलूप मागितलं. दुपट्ट्याची गाठ मीच सोडली, मीच देलं. त्यानं ते त्या माणसाच्या हाताजवळ सरकवलं. पोलिस आले. त्यांनी फोनवर एक हिंदी बोलणारी बाई देली, तिले भाऊनं सांग्तलं का त्या माणसानं आम्हा दोघांले मारलं, कुलूप त्याचंच होतं, पोरानं फक्त स्वतःले वाचवलं. त्या माणसाचा जबडा मोडला होता, त्याले बोलताच येत नव्हतं. पळालेल्या लोकांनी त्याले मारतानी पाह्यलं होतं, मले नाही. त्याले घेऊन गेले. तो सुटला का आत हाय, मी आजवर विचारलं नाही. स्ट्रेचरवर भाऊ मले म्हणाला, "तुझं लग्न हाय. माझ्या दोन्ही पोरी उजवल्या." बस, एवढंच.

मंग आर्णीच्या बसस्टँडवर हार घेऊन लोकं उभे. परदेशात मार खाऊन भाऊले जिता आणणारा पोरगा. शेठनं शाल आन नारळ देलं, तुझ्या बाबानं पाठ थोपटली, मी मान खाली घालून उभा होतो तर लोकांले वाटलं किती साधा हाय. भाऊले शेठनं गेटवर बसवलं हाय. कापसाच्या गाड्या येतात, तो पावती पाहून आत सोडते. एका डोळ्यानं अंतर समजत नाही म्हणे, परवा चहाचा कप टेबलाच्या बाहेर ठेवला. सीझन सुरू झाला, आन रोलरवर आता मी हावो. त्याच्या जागेवर, त्याचे पाने घेऊन.

तांड्यावर मी तीनदा गेलो, लालीबाईले सांगाले. पहिल्यांदा तिनं जेवाले वाढलं, मी जेवलो, हात धुतले आन निघून आलो. दुसऱ्यांदा भाऊनं माझं तोंड पाहूनच मले दुकानावर पिटाळलं. तिसऱ्यांदा त्यानं मले बाभळीखाली नेलं आन म्हणाला, तू सांग्तलं तर मी खोटा पडतो. लालीबाईनं मले आजवर खोटं बोलतानी पाह्यलं नाही, एक डोळा गेला तं गेला, तेवढं राहू दे. मी माघारी आलो. भाऊचं ऐकलं असं मनाले सांग्तलं, पण खरं म्हणजे माझी सुटका झाली म्हणून मी खुश होतो.

आता परवा भाऊबीज. लालीबाईले सख्खा भाऊ नाही. तिनं अख्ख्या तांड्याले सांगून ठेवलं हाय का यावर्षी ती मले ओवाळणार. म्हणते, भिया, तू माह्या धन्याले जिता आणलं, आजपासून तूच माहा भाऊ. नवं लुगडं घेतलं हाय तिनं त्या दिवसासाठी. समीक्षा, त्या दिव्यासमोर मी बसू शकत नाही, आन तोंडानं सांगणं माझ्याच्यानं होत नाही, हे तीनदा पाहून झालं. म्हणून हे लिहिलं. तिले वाचता येत नाही, आन भाऊ तिले हे वाचून दाखवणार नाही. तू दाखव. नवऱ्याची पट्टी तू बांधते, तुझ्यावर तिचा भरवसा हाय. उद्या पाडव्याले तुमच्या घरी येऊन हे तुझ्या हातात देईन आन चहा न घेता निघीन. भाऊबीजेच्या सकाळी, तिनं ताटात दिवा लावाच्या आधी, तांड्यावर तिच्याजवळ बस आन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच, मले बरं वाटत होतं तेही. मी अंगणात बसून राहीन, पळणार नाही. ती बाहेर येईन तवा तिच्या हातात काय असंन, मले माहीत नाही. जे असंन ते असंन. पण भाऊ मधात पडन, मले माहीत हाय तो पडन. त्याले धरून ठेवजो, समीक्षा. या टायमाले त्याले मधात पडू देऊ नको.

हे वाचूनही म्हणू देशील तर, तुझाच
ऋतिक