रडारविरुद्ध टाकीची साक्ष

२ मे, शनिवार. दुपारी साडेतीन.
नवं रडार बसवून आज सहा आठवडे झाले. जुनं फार म्हातारं झालं म्हणून काढलं. म्हाताऱ्यांना काढण्याची या बेटावर भारी घाई असते. पोस्टाच्या खिडकीवर चौतीस वर्षं काढल्यावर मलाही असंच पुष्पगुच्छ देऊन काढलं होतं.
आज सकाळी फोनवर पाहिलं तर आपल्या अख्ख्या बर्म्युडावर जांभळा डाग आणि खाली 'मुसळधार'. खिडकीतून पाहिलं तर लख्ख ऊन. डाग दुपारपर्यंत जागचा हलला नाही. मग धक्क्यावरचं पर्यटकांचं जहाज निघालं आणि डागही त्याच्याबरोबर निघून गेला.
ठराव: यापुढे रडार बघायचं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
रडार सात वेळा पाहिलं. लक्ष ठेवण्यासाठी. बघणं वेगळं, लक्ष ठेवणं वेगळं.
टाकी: तीन फूट दोन इंच. या घरात मी एक्केचाळीस वर्षं राहते आहे आणि एकदाही टँकर मागवलेला नाही. छपरावर पडेल ते टाकीत, टाकीत असेल ते वापरायचं. शेजारची मर्टल डॅरेल दर उन्हाळ्यात टँकर मागवते आणि भरलेल्या टबात डुंबत बसते. तिला मी काही बोलत नाही. फक्त टँकर आला की व्हरांड्यात उभी राहते.

६ मे, बुधवार.
छपराला पांढरा रंग द्यायचा होता. रडार म्हणे दोन दिवस पाऊस. रंगारी डेल्मॉन्ट म्हणाला, बाई, पुढल्या आठवड्यात करू. मी म्हटलं, डेल्मॉन्ट, तू त्या डबड्याचं ऐकणार की माझं? तो म्हणाला, डबडं निदान ओरडत नाही. पण आला.
दोन दिवस थेंब नाही. छप्पर असं झालंय की बघवत नाही, डोळे दिपतात. रडार सपशेल खोटं.
रंग टाकीत उतरू नये म्हणून पन्हळीच्या नळीत बोळा घालावा लागतो. डेल्मॉन्ट म्हणाला, मी घालतो, मग मीच काढेन. मी म्हटलं, माझ्या टाकीची नळी मी बघेन. जुन्या टॉवेलचा बोळा शिडीवर चढून स्वतः घातला. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. तो म्हणाला, काढायचं लक्षात ठेवा. हे मला सांगतो! अख्ख्या पॅरिशच्या टपालपेट्यांचे नंबर मला अजून पाठ आहेत.

९ मे, शनिवार.
रडार म्हणतं, रात्री बावीस मिलिमीटर पाऊस झाला. सकाळी उठल्याबरोबर टाकीत काठी घातली. तीन फूट. म्हणजे वाढ नाहीच, उलट दोन इंच कमी!
दोरीवरचे कपडे ओले होते हे खरं. दव.
हवामान कचेरीने आवाहन केलं आहे की लोकांनी आपापल्या पावसाच्या नोंदी पाठवाव्या, म्हणजे रडार तपासता येईल. त्यांना तपासणी हवी आहे तर. करू.
नवी वही काढली. समास आखला. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर ॲलॉयशिअस म्हणायच्या की मुलीचं चारित्र्य तिच्या समासात दिसतं.

१० मे, रविवार.
प्रार्थनेनंतर मर्टलकडे न्याहारी. खारवलेला मासा, बटाटे, केळं. मासा जरा जास्तच उकडला होता, दोनदा घेऊन खात्री केली.
मर्टल म्हणाली, अगं युलाली, परवा रात्री तुझ्या छपरावरून माझ्या वाफ्यात धबधबा कोसळत होता, माझी गाजरं वाहून गेली. मी म्हटलं, कुठल्या पावसाने? ती म्हणाली, पडला त्या पावसाने. मी म्हटलं, माझ्या टाकीत एक थेंब आलेला नाही. ती म्हणाली, मग माझी गाजरं काय पोहायला शिकायला गेली?
मर्टल सरकारी शाळेत शिकली. मी वाद वाढवला नाही.

१३ मे, बुधवार. दुपारी.
भर दिवसा पाऊस. छत्री घेऊन अंगणात उभी राहिले, घड्याळ लावून. पस्तीस मिनिटं. लगेच टाकी मोजली. दोन फूट आठ इंच. कालही तेवढीच.
माझा निष्कर्ष: हा खरा पाऊस नव्हे. वरवरचा आहे. अंग ओलं झालं, मान्य. पण अंग हे काही मोजमापाचं साधन नाही.
नोंद केली: शून्य.

१५ मे, शुक्रवार.
वहीची साप्ताहिक प्रत हवामान कचेरीला पाठवली. मग वर्तमानपत्राला पत्र. चार मसुदे केले. 'खोटारडं' काढून 'कल्पक' घातलं. शेवटचं वाक्य असं: 'रडार यंत्र आहे, ते चुकू शकतं. टाकी दगडाची आहे, तिला खोटं बोलण्याचं कारण नाही.'
वाचून माझंच मन भरून आलं.

१८ मे, सोमवार.
पत्र छापून आलं! चौकटीत!
दुकानात तिघांनी हात मिळवला. बस ड्रायव्हरने गाडी थांबवून सांगितलं की, मिस लाइटबॉर्न, त्या डबड्यापायी माझ्या मेव्हणीच्या लग्नात तंबू नव्हता, केक अक्षरशः प्यावा लागला. मागचे प्रवासीही आपापली गाऱ्हाणी सांगू लागले. एका कोळ्याला रडारने निरभ्र म्हणून सांगितलं आणि तो होडीतलं पाणी उपसत परतला. गाडी पंधरा मिनिटं उभी होती. कुणाची तक्रार नाही.
संध्याकाळी रेडिओवर फोनवरून बोलायला बोलावलं. अकरा मिनिटं बोलले. निवेदकाला दोनदा संधी दिली.
टाकी: दोन फूट दोन इंच. तांब्याने अंघोळ सुरू केली आहे. तब्येतीला चांगली.

२२ मे, शुक्रवार.
हवामान कचेरीतल्या इंजिनिअर बाईंचा फोन. मिस आउटरब्रिज. तिशीची असेल. गुड मॉर्निंग न म्हणता एकदम 'मिस लाइटबॉर्न का?' मी म्हटलं, गुड मॉर्निंग. ती म्हणाली, हो. मी पुन्हा म्हटलं, गुड मॉर्निंग. तेव्हा कुठे म्हणाली. परदेशात शिकून आल्या की पहिल्यांदा हेच गळतं.
म्हणाली, बेटावरून अठ्ठावीस वह्या आल्या, पण बाकी सगळ्यांनी 'फार पडला', 'बरा पडला', 'पडला वाटतं' असं लिहिलंय. तारीख, वेळ आणि आकडे फक्त तुमच्या वहीत आहेत. मी म्हटलं, समासही.
मग हळूच विचारलं, नळी वगैरे मोकळी आहे ना? मी म्हटलं, बाळ, मी या घरात एक्केचाळीस वर्षं राहते आहे. ती म्हणाली, सॉरी.
मुलगी शिकेल.

२९ मे, शुक्रवार. बर्म्युडा डे.
मिरवणूक. रडार: कोरडं. दुपारी एक वाजता चित्ररथांवरचे कागदी फुलांचे डोंगर खाली बसायला लागले. बँडवाल्याने तुतारी उलटी करून पाणी ओतलं. लोक खवळले. कुणीतरी ओरडलं, मिस लाइटबॉर्नना बोलू द्या! मला खुर्चीवर उभं केलं. मी म्हटलं, पडायचा तेव्हा दाखवत नाही आणि दाखवतं तेव्हा पडत नाही! टाळ्या. मी भिजून चिंब.
घरी येऊन टाकी पाहिली. एक फूट चार इंच. नोंद: शून्य.
मर्टल कुंपणावरून म्हणाली, युलाली, शून्य काय? तुझ्या झग्यातून पाणी गळतंय. मी म्हटलं, मर्टल, भावना आणि शास्त्र यांत फरक असतो.

२ जून, मंगळवार.
डेल्मॉन्ट विसरलेली शिडी न्यायला आला. वर चढला आणि नळीत हात घातला. मग म्हणाला, बाई, हा टॉवेल तुमचा का?
मी म्हटलं, ओळखीचा वाटत नाही.
तो म्हणाला, कोपऱ्यावर यु. ला. अशी अक्षरं भरलीत.
कॉन्व्हेंटमध्ये स्वतः भरली होती. टाका अजून एकही उसवलेला नाही. आता असं काम होत नाही.
तो शिडीवर बसून हसला. शिडी हलेपर्यंत हसला. कुणाला सांगू नकोस म्हटलं तर म्हणाला, बाई, मी कोणाला सांगणार? सांगितलं तरी विश्वास कोण ठेवेल?
बोळा काढला. एक पाल आणि खूप पानं निघाली.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
शांतपणे विचार केला. मूळ मुद्दा बदलत नाही. जहाज म्हणजे पाऊस नव्हे. मिरवणूक भिजली. रडार वाईट आहेच; फक्त माझ्या वहीपुरतं ते थोडंफार बरोबर होतं. एवढंच.
ठराव: गुरुवारी रडारबद्दल सार्वजनिक सभा आहे. उभं राहून सरळ सांगायचं. चुकलं तर चुकलं म्हणायचं, दोन वाक्यांत.

४ जून, गुरुवार.
पॅरिशचा हॉल खच्चून भरलेला. मला पहिली रांग. हात वर केला होता, पण मिस आउटरब्रिज आधीच माइकपाशी पोचली. म्हणाली, लोकांच्या तक्रारी आम्ही ऐकल्या. आमचं रडार पाऊस वाढवून दाखवत होतं. खात्रीचे आकडे एकाच ठिकाणाहून मिळाले, आणि त्यांच्या आधारे काल आम्ही रडार दुरुस्त केलं. मिस लाइटबॉर्न, तुमच्या टाकीनुसार.
सगळा हॉल उभा राहिला. पुष्पगुच्छ दिला.
अशा वेळी मध्येच बोलणं शिष्टाचाराला धरून नसतं.

९ जून, मंगळवार.
पाच दिवस रडार: कोरडं, कोरडं, कोरडं. पाच दिवस खरोखरच कडकडीत कोरडं! लोक रस्त्यात थांबवून म्हणतात, आता कसं बरोबर दाखवतंय, तुमचे उपकार. मी मान हलवते. त्याला मी होकार म्हणणार नाही.
टाकी: पाच इंच. पंप हवा ओढतो आहे आणि घशात मासळीचा काटा अडकल्यासारखा आवाज करतो.
मिस आउटरब्रिजला पत्र लिहायला घेतलं. 'प्रिय मिस आउटरब्रिज' इथपर्यंत छान जमलं.

१२ जून, शुक्रवार.
टाकी: दोन इंच आणि गाळ. चहाला मातीची चव. केस धुवून नऊ दिवस झाले, टोपी घालते. मर्टल म्हणाली, आमच्याकडे ये अंघोळीला. मी म्हटलं, इच्छा नाही. इच्छा इतकी होती की डोळ्यांत पाणी आलं. तेवढंच पाणी.
दुपारी टँकरवाल्याला फोन केला. आवाज बदलून. सांगितलं, रविवारी नऊ वाजता या, गल्लीतले सगळे तेव्हा चर्चमध्ये असतात. तो म्हणाला, येतो मिस लाइटबॉर्न, रेडिओवर फार छान बोललात.

१४ जून, रविवार. सकाळी अकरा.
चर्चला गेले नाही. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा, दोन्ही बाबतीत.
टँकर नऊला आला. पाइप आत सोडला. पाण्याचा आवाज ऐकत मी पायरीवर बसले. इतका गोड आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. टाकी काठोकाठ भरली. टँकर वळणापलीकडे गेला आणि आभाळ फाटलं. छपरावरून, पन्हळीतून, मोकळ्या नळीतून धो धो. टाकीत जागाच नाही. सगळं झाकणावरून वर येऊन मर्टलच्या वाफ्याकडे निघालं.
रडार पाहिलं. बेट स्वच्छ, कोरडं, एक ठिपका नाही.
चर्चमधून लोक भिजत घरी पळत होते. मर्टल डोक्यावर प्रार्थनेचं पुस्तक धरून फाटकाशी थांबली. रस्त्यावरच्या टँकरच्या चाकांच्या खुणा पाहिल्या, मग माझ्याकडे. आपल्या घरी गेली. व्हरांड्यात उभी राहिली फक्त.
तेवढ्यात फोन. मिस आउटरब्रिज. आवाज घाबरलेला. म्हणाली, रडारवर काहीच नाही, पण माझ्या खिडकीबाहेर रस्ता वाहतोय. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही. तुमची टाकी काय म्हणते?
म्हटलं, तुडुंब आहे.
ती म्हणाली, देवाची कृपा, म्हणजे पडतोय. किती पडला? लिहून घेते.
मी म्हटलं, बाळ, टाकी टँकरने भरली आहे.
ती म्हणाली, बरं... टँकरने... आणि पावसाने किती?
मग टॉवेलचं सांगितलं. दोन वाक्यांत होणार होतं, बरीच लागली.
पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग फक्त तिच्या खिडकीवरचा पाऊस.