कँडलवरचा ओरखडा

२ मार्च, रविवार

पाण्याचा फिल्टर उघडला. दोन्ही कँडल पिवळ्या, बुळबुळीत — बोट फिरवलं तर शेवाळासारखं नखात आलं. बुडाशी क्षारांची पांढरी खपली. नव्या बसवून पंधराच दिवस झालेत! बोअरचं पाणी जड आहे, मान्य. पण इतकं?

बाबांना जानेवारीत टायफॉइड झाला. साकोलीचे डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा घाण पाणी पोटात गेलं तर यांना झेपणार नाही.

दुकानदार ईश्वरभाऊ जुन्याच कँडल घासून विकत असावा.

३ मार्च

दुकानात गेलो. गिऱ्हाइकं उभी होती, तरी विचारलं. ईश्वरभाऊ म्हणाला, "काऊन रे अमर, मी का लोकाइच्या घरून कँडली चोरून आनतो?" सगळे हसले. दोन नव्या घेतल्या, खोकं त्याच्यासमोरच फोडलं. घरी दोन्हींच्या बुडाच्या प्लॅस्टिकवर खिळ्याने ओरखडा काढला, मग बसवल्या. जुन्या उकिरड्यावर. कोणाला सांगितलं नाही.

९ मार्च, रविवार

ओरखडा नाही. दोन्हींवर नाही. पुन्हा तीच पिवळी बुळबुळ.

म्हणजे दुकानात नाही — घरातच कोणीतरी बदलतं.

आईला विचारलं. "मी कायले हात लावतो? तुह्या फिल्टरचं मले भेवच वाटते." राखी म्हणाली, "दादा, तू पोलिसात लाग. राइस मिलमध्ये वाया जाऊन राहिला." हसली, पण नजर चुकवली. की मलाच तसं वाटलं? पुढच्या महिन्यात तिचं लग्न आणि मी तिच्यावर संशय घेतोय.

१० मार्च

बाबांना सकाळपासून सहा वेळा जुलाब. सलाईन लावून आणलं. पाणी उकळून देतोय. तरी तिसरी जोडी आणून बसवली. ईश्वरभाऊ: "आता तूच दुकान टाक."

त्याची माफी मागायची राहिली.

१२ मार्च

मिलमधून दुपारीच आलो. बाबा स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेले, मांडीत फिल्टर पालथा. शेजारी जुन्या धोतरात गुंडाळलेल्या चार कोऱ्या कँडल, दोनांच्या बुडाशी माझा ओरखडा. परवाच्या दोन काढून त्यांत ठेवत होते. उकिरड्यावरच्या पिवळ्या धुऊन पुढ्यात मांडलेल्या.

मला पाहून दचकले नाहीत. म्हणाले, "राखीले आंदनात फिल्टर देऊन राहिलो ना. तिथलंबी पानी असंच हाय. तिच्याजवळ दोन-चार वर्साच्या कँडली पायजे. माह्यं काय, धुतल्या का चालते."

नट बसत नव्हता. त्यांनी फिल्टर माझ्याकडे सरकवला.

"तू कसून दे, बाबू. तिले सांगू नको."