दुसऱ्याच्या हातची सही

यवतमाळ, ११ जानेवारी २०२५

तीर्थरूप बा यांस,
बबिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर काही सांगायला गेलं की तुम्ही हो हो म्हणता आणि ठेवून देता, म्हणून लिहिते. मी ज्यांच्याकडे टायपिंग करते त्या अवधूत वकिलांनी तुमच्या खटल्याच्या नकला काढल्या. शेजारच्या धरमसिंगकाकांच्या पिकअपच्या कर्जाला तुम्ही जामीनदार. हप्ते थकले, पतसंस्थेनं दोघांवर दावा केला, तुम्ही हजर नव्हतात म्हणून एकतर्फी निकाल लागला. घरावर जप्ती आली ती त्याचीच.

पण समन्सवर तुमच्या नावानं हिरासिंग अशी सही आहे, १४ डिसेंबर २०२३ची. तेव्हा आपण सगळे सांगलीकडे ऊसतोडीला होतो! घराची किल्ली काकांकडे होती. सहीखाली दोन ठिपके आहेत. तांड्यात तसे ठिपके एकच माणूस देतो.

समन्स तुम्हाला मिळालंच नाही हे दाखवलं तर निकाल रद्द होऊ शकतो. मात्र अर्ज ४ फेब्रुवारीच्या आत हवा. सोबत प्रतिज्ञापत्र आहे, ती सही धरमसिंगकाकांची असं त्यात लिहिलंय; महागावला नोटरीसमोर सही करून पाठवा.

याडीला सांगा, पोरीचं ऐक, गुडघे दुखत असताना उपास करू नको. तुमचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची,
बबिता

तांडा, १७ जानेवारी

चि. बबिता हिस,
बाचे पोटभर आशीर्वाद.

पोरगी वकिलीण झाली, असं तुझी याडी साऱ्या तांड्याले सांगून राह्यली. तू टाइप करतेस हे मी बोललो नाही.

कागदावर सही केली नाही. धरमसिंगले विचारलं. तो म्हणाला, कोर्टाच्या माणसानं हिरासिंग कोण म्हणून विचारलं तर मीच म्हणून गेलो. तू यायच्या आत हप्ते भरीन असं वाटलं होतं, मंग सांगायची लाज वाटली.

वीस वर्षं आपण त्याच्या हाती किल्ली देऊन जातो. त्यानं माझ्या नावानं रेशन घेतलं, लाइटबिल भरलं, माझ्या बहिणीच्या सोयरिकीले होकारही दिला. तेव्हा त्याले चोर म्हटलं नाही, आता कायले म्हणू?

जेवत जा. माया पातळ करू नको.

तुझा बा,
हिरासिंग

यवतमाळ, २२ जानेवारी

तीर्थरूप बा यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून ऑफिसातच रडू आलं, रागानं. बा, रेशन आणि समन्स एक नाही! काकांचं नाव न घालता चालेल का, हेही मी विचारलं. वकील म्हणाले, सही कोणाची हा पहिला प्रश्न येईल, आणि सांगितलं नाही तर ती तुमचीच धरतील. काकांवर गुन्हा होऊ शकतो, हे त्यांनी लपवलं नाही. मीही लपवत नाही.

कॉलेजात मी कायद्यावर भाषण केलं तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होतात. त्या कशाला होत्या? मी खोटं बोला म्हणत नाही. खरं बोला म्हणून विनवते आहे, आणि तेच तुम्हाला जमेना. याडीनं अठरा हंगाम ऊस तोडून ते घर बांधलं. मोठेपणा तुमचा आणि छप्पर तिचं जाणार, हे मला पटत नाही. तेरा दिवस उरलेत.

जास्त लिहिलं असेल तर कान धरा, पण सही करा.

बबिता

तांडा, २९ जानेवारी

चि. बबिता हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र याडीले वाचून दाखवलं. त्या रात्री तिनं मले भाकरी एकच वाढली.

परवा सकाळी कागद घेऊन धरमसिंगकडे गेलो. पाठीमागं लिहायचं नव्हतं, म्हणून तोंडावर सारा वाचला. त्याची बायको सुखीबाई उठून आत गेली. तो म्हणाला, नुसतं धरमसिंग काहून लिहिलं? बापाच्या नावासकट लिही. तांड्यात तीन धरमसिंग आहेत, दुसराच कोणी अडकायचा.

ते नाव मी पेनानं घातलं. काल महागावला सही करून आलो, कागद याच पाकिटात आहे. सुखीबाई आमच्याशी बोलत नाही. तो बोलतो, पण एवढंच विचारतो, बबिताचं पत्र आलं काय.

कोर्टानं काय केलं ते कळव. अर्ज मंजूर झाला तर त्याले मी सांगीन. नामंजूर झाला तर फक्त मले सांग, त्याचं नाव देऊनही उपयोग झाला नाही हे त्याले कळू देऊ नको.

रागावली तरी आपली म्हणून राहा.

तुझा बा,
हिरासिंग